हेल्मेटवरचं फूल

प्रिय धाकटे,

पत्र बघून आधी हसशील. फोन उशाशी असताना ताईला ही हुक्की कुठून आली, म्हणशील. काल तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू तुझ्या मनीच्या चारचाकी बाइकचं कौतुक सांगत सुटलीस आणि माझी बोबडीच वळली. शेवटी पडद्यांची मापं विचारून फोन ठेवला.

रविवारी तिला टेकडीवर नेणार आहात म्हणे. नेऊ नका गं. मोठ्यांच्या गाडीवर तर बसवूच नका, आणि मागे दुसरं पोर मुळीच नको. ती गाडी एकट्याची. दोघी बसल्या की चढावर पुढची चाकं उचलतात. मला कसं ठाऊक, तेच सांगायचंय.

मागच्या वर्षी माझी ठमी जिन्यावरून पडली नव्हती. मीच तिला तसल्या गाडीवर बसवलं, मागे तिची मैत्रीण, आणि फोटो काढायला चार पावलं लांब गेले. गाडी उलटली. ठमीचं डोकं दगडावर आपटलं. तो आवाज अजून कानात आहे, शिलाई मशीनवर बसले तरी मध्येच दचकते. हात मोडला, डोकं वाचलं. ह्यांना काय तोंड दाखवू, म्हणून जिना पुढे केला. पोरींनाही तसंच पढवलं.

माझी सवय तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाच्या कपड्याला भोक पडलं की मी त्यावर फूल भरते, आणि गिऱ्हाईक वर मलाच शाबासकी देतं. मनीला ठमीचं हेल्मेट दिलं तेव्हा आत नवं अस्तर शिवलं, बाहेर पिवळं फूल रंगवलं. फूल किती गोड, म्हणालीस. मनी ते घालूनच झोपते, असंही म्हणालीस. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

त्या फुलाखाली तडा आहे. हेल्मेट फेकलं असतं तर ह्यांनी कारण विचारलं असतं, म्हणून फेकलं नाही, तुझ्या लेकीच्या डोक्यावर ठेवलं. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा कामाचं नसतं, हे परवा दुकानदाराने सांगितलं. ह्यांना आज सकाळी सगळं कबूल केलं. आता ते स्वतः मनीच्या मापाचं नवं हेल्मेट आणि हे पत्र घेऊन तुझ्याकडे निघालेत. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी ते जुनं हातात घे आणि फूल नखाने खरवड.

तुझीच,
ताई