भिंतीला औषध, मला ताप

तीर्थरूप मामांना ओग्वांगचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा, तांबडी शेळी आणि तुम्ही स्वतः, या क्रमाने सगळे ठीक असालच. मी ठीक नाही, पण ते ओघाने येईल.

मासे विकायचं सोडून मी डास मारायच्या कामाला लागलो, हे कानावर आलं असेल. (ट्रक त्याआधीच सोडला होता. खरं तर ट्रकनेच मला सोडलं.) पाठीवर पंप घ्यायचा नि घरोघरी भिंतींवर औषध मारायचं. त्यासाठी लोकांनी घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं असतं, आणि इथेच डोकं फिरतं. लोकांना डास परवडतात, पण शेजारणीला आपली फाटकी गादी दिसलेली परवडत नाही. आकुल्लूच्या आईने तर दारातच ठाण मांडलं. (आकुल्लू म्हणजे त्यांची मुलगी. तिच्याबद्दल विशेष काही नाही.) बाईंचं म्हणणं, मागच्या फवारणीनंतर मलेरिया कमी झाला हे कबूल, पण आता डास शहाणे झालेत, आम्ही आत जाईपर्यंत थांबत नाहीत, दिवेलागणीला अंगणात जेवतानाच चावतात, तर आम्ही ज्याच्याखाली जेवतो त्या आंब्याला फवार. मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, आपलं काम भिंतीपुरतं. शेवटी त्यांचं सामान मी एकट्याने बाहेर काढलं, रांजणासकट, आणि भिंती नीट वाळतात का हे बघत अंधार पडेपर्यंत अंगणात बसलो. आकुल्लू तीळ कुटत होती. नाचणीचा गोळा नि तिळातली भाजी वाढली, म्हणून खाल्ली. डासांची पंगत माझ्यावर उठली.

पुढे पंधरवड्याने हुडहुडी भरली, ती नेमकी त्यांच्या दारासमोर. (दुसऱ्या दारापर्यंत चालवेना.) आकुल्लूच्या आईने गोळ्या पुढे केल्या नि म्हणाल्या, "माझ्या भिंतीला औषध पाजलंस ना, जावईबापू? आता तू पी."

असा सगळा वैताग आहे. हेही काम सोडावं म्हणतो.

आपला भाचा,
ओग्वांग

ता. क. जावईबापू हे थट्टेत नव्हतं. आकुल्लूचा होकार आहे. पण तिचे वडील म्हणतात, मामा बोलणी करायला आल्याशिवाय देजाच्या गायींचा विषयच निघणार नाही. बाजार झाला की या.

पुन्हा ता. क. आजोबांच्या मयतीला गावात बसायला दिलेली नि परत न आलेली तुमची खुर्ची, जिच्या चोराला तुम्ही अजून जेवताना शिव्या घालता, ती डाव्या हाताला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, त्या दिवशी मीच त्यांच्या घरातून अंगणात काढली. पाहुण्यांना ते तीच देतात. मामा, पाया पडतो, नुसते बसा.