करदोड्यातली चावी

वैदेही मॅडमले देवकी बावणेचा नमस्कार,

काल तुम्ही फोनवर विचारलं, "देवकीबाई, गाडी कोण चालवतं?" मी म्हटलं, "मीच, मॅडम." नवरा बाजूलेच बसून होता, फोन स्पीकरवर टाकून.

आता खरं सांगते. आमच्या ढिवर बायांच्या मासोळी गटाले तुम्ही बर्फपेटीची गाडी मिळवून दिली. मी गटाची अध्यक्ष, लायसन बी काढलं. पण चावी त्याच्या करदोड्याले बांधली राहते. म्हणतो कसा, "ढिवराची बाई बाजारात बसते, स्टेरिंगवर नाही." खापरखेड्याच्या बाजारापर्यंत मी मागं बर्फाजवळ बसून जाते. कधी निघायचं, कुठं थांबायचं, सारं तोच ठरवतो.

तुम्ही ट्रेनिंगले रत्नागिरीले नेलं, तिथं बाया लिलावात बोटवाल्या माणसांवर ओरडत होत्या. मले वाटलं, घरी जाऊन मी बी ओरडीन. ओरडली बी. मग त्यानं गाडीच काढली नाही. साऱ्याजणी डोक्यावर टोपलं घेऊन पायी निघाल्या अन् वाटभर मलेच बोलल्या, "तुले काहून एवढी हौस वं?"

गाडी बाईनंच चालवायची, ही तुमची अट; तुम्हाले कळलं तर गाडी परत जाईल. म्हणून हे पत्र टाकत नाही.

मंगळवारी तुम्ही पाहणीले येऊन राहिल्या. बाकीच्या कुरकुरतात, कशाले येते ही मॅडम सारखी. मी म्हणते, दर मंगळवारी या. तुम्ही येता, त्याच दिवशी तो करदोड्याची गाठ सोडून चावी माह्या हातात देतो.

तुमची,
मंगळवारची ड्रायव्हर देवकी