सखीरचा फॉर्म

१४ एप्रिल १९९७
जयंती. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून शिफ्टला गेलो. संकल्प: संघप्रियाच्या शिक्षणात ढवळाढवळ करायची नाही. मुलीची बारावीची परीक्षा झाली, आता तिचं तिने ठरवावं. इथलं, बहरीनच्या मनामातलं दोन वर्षांचं डिप्लोमा कॉलेज की सखीरची चार वर्षांची युनिव्हर्सिटी, हे पूर्णपणे तिच्यावर. फॉर्म मात्र सखीरचाच आणला. दुसरा आणायला वेळ मिळाला नाही.

साहेबांनी एक पाकीट दिलं. उघडलं नाही. इन्क्रीमेंटचंच असणार. पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

१८ एप्रिल
ईदची सुट्टी. आमच्या मंडळाने जयंतीचा कार्यक्रम आजच घेतला. माइक हातात आला तेव्हा जाहीर करून टाकलं, आमची मुलगी युनिव्हर्सिटीत जातेय. टाळ्या पडल्या. परतताना गाडीत संघप्रिया गप्प. भारावली असावी. बायकोने, अंजनाने विचारलं, तिला विचारलंत का? म्हटलं, घरी गेल्यावर विचारू. अरादला घरी पोचलो तेव्हा उशीर झाला होता, झोपलो.

६ मे, दुपारी ३
अस्कर गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जासिमला क्रेनचं काम शिकवतोय. इथलाच, बहरीनी. माझ्याच वयाचा, माणूस सालस. साहेब म्हणाले, सगळं शिकव, काही राखून ठेवू नको. एवढा विश्वास कुणावर टाकतात? बावीस वर्षं क्रेनचे बिघाड लिहून ठेवलेली माझी वही त्याला दिली. त्याने अख्खी झेरॉक्स काढली. आदर वाढतोय. दमलो.

२८ मे
रिझल्ट. एक्क्याऐंशी टक्के. बिल्डिंगमध्ये हलवा वाटला. संघप्रियाला म्हटलं, मोकळेपणाने बोल. ती बोलली. टू इयर्स इज इनफ, पप्पा. मी आवाज चढवला नाही. दार जरा जोरात लागलं, एवढंच.

संकल्प: 'दोन वर्षं' हे शब्द या घरात काढायचे नाहीत.

१ जून
जासिमने आज एकट्याने क्रेन दुरुस्त केली. मला हाक मारली नाही. शिकवणारा चांगला असला की असं होतं. दिवसभर खुर्चीत होतो. नुसतं बसून माणूस इतका थकतो हे माहीत नव्हतं.

७ जून, संध्याकाळ
सखीरचा फॉर्म भरायला बसलो. संघप्रियाचं रेसिडेंट कार्ड मागितलं, तर ते कॉलेजात दाखवायला नेलं होतं म्हणे. दोन वर्षांच्या. अॅडमिशन झालीसुद्धा. अंजनाच टॅक्सीने बरोबर गेली होती. खूप बोललो. मंडळ, माइक, टाळ्या, सगळं काढलं. पोरीने ऐकून घेतलं. एरवी इंग्रजीत उत्तर देते, आज मराठीत बोलली. म्हणाली, पप्पा, तुमचा व्हिसा आहे तोवर माझं शिकून व्हायला हवं ना.

ड्रॉवर उघडला. पाकीट तिथेच होतं. आत कंपनीचं पत्र: कॉन्ट्रॅक्ट जून नव्व्याण्णवपर्यंत, नंतर माझ्या जागी जासिम.

माझ्याच या डायरीत खोटं किती दिवस लिहिणार? पाकीट मी चौदा एप्रिललाच वाचलं होतं. वाचून डिंकाने पुन्हा चिकटवलं होतं. आता त्या डिंकावर सेलोटेप होती. सरळ कापलेली, कडा दाबून बसवलेली. शाळेच्या प्रोजेक्टच्या वह्यांना संघप्रिया अशीच लावायची.

सखीरचा फॉर्म कोराच ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या सकाळची शिफ्ट. जासिमला ब्रेकचं काम शिकवायचं राहिलंय.