पारूबाईची एक ओळ

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

काचबिंदूनं माझं वाचन संपवलं, म्हणून सुनेनं मोबाईलवर माझी आवडती कादंबरी लावून दिली. ही रोजनिशीसुद्धा आता स्केचपेननं, पानावर जेमतेम सहा ओळी. आज शेवटचं प्रकरण ऐकलं. ऐकायलाच नको होतं.

मुलगा शहरात न्यायला येतो, तेव्हा म्हातारी पारूबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणते, "मी न्हाई येत." एवढंच. कितीदा वाचलं असेल मी! दर वेळी ते माझ्या आईच्या आवाजात ऐकू यायचं. हळू, पदर तोंडाशी धरून बोलल्यासारखं. मोबाईलमधल्या बाईनं मात्र हेल काढून किंचाळून म्हटलं. आमच्याकडची म्हातारी म्हणजे ओरडणारीच, असं कुणी सांगितलं हिला?

शेवटी कपाटातलं पुस्तक काढून ह्यांच्या हातात दिलं. "तेवढी एक ओळ वाचा हो."

ह्यांचा उभा जन्म एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात गेला. तसंच सपाट वाचलं, "मी न्हाई येत."

आणि आली की! आईच आली.

पण प्रत्येक गाडी दोनदा पुकारायची सवय. लगेच पुन्हा, "मी न्हाई येत." तेवढ्यात, मोबाईल बंद असूनही, माझ्या कानात ती बाई किंचाळली.

"अजून वाचू का?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या."

मग डोळे मिटून मनातल्या मनात म्हणून पाहिलं. चारदा. किंचाळीच.

आईचा आवाज कुठंच रेकॉर्ड केलेला न्हाई. त्या एका ओळीत ठेवला होता.