नकाशातली काळी रेघ

ता. ४ जून

चि. छबूस अनेक आशीर्वाद.

सोबत आपल्या गल्लीचा पणजोबांच्या काळचा नकाशा पाठवतोय. तुमच्या ग्रंथालयानं त्याच्या काळ्या-पांढऱ्या प्रती विकायला काढल्यात, मी दोन मागवल्या. आपलं घर शोध आणि मागचं अंगण बघ. मधून एक सरळ रेघ गेलीय. काकांची सुतारकामाची शेड आज जिथं आहे, ती जागा चक्क आपल्या बाजूला येते! मग अंगण दोन्ही घरांचं, असं काका जन्मभर का सांगत आले? बाबा भोळे होते, भावानं केसानं गळा कापला तरी त्यांना कळलं नसतं. मागच्या दाराला कडी लाव आणि काकांना ताकास तूर लागू देऊ नकोस.

तुझा दादा

ता. १५ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी तुला हसले. बुकबाइंडिंग सोडल्यापासून तुला उद्योग नाही, म्हटलं. पण आता मलाही वाटतंय, कुठंतरी पाणी मुरतंय. परवा काका माझ्या मागच्या दाराशी टेप लावून मापं घेत होते. काय चाललंय विचारलं, तर काही नाही म्हणाले आणि टेप खिशात! मी कडी लावली. संध्याकाळी ते नेहमीसारखे चहाला आले, दोनदा कडी वाजवली. मी श्वास रोखून आत बसून राहिले. हे गेल्यापासून तेवढाच माणसाचा आवाज घरात होता रे. फार वाईट वाटलं.

मूळ नकाशा ग्रंथालयात आहे. सोमवारी जाऊन बघते, म्हणजे तोंडावर पुरावा टाकता येईल.

तुझी छबू

ता. २३ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

मूळ नकाशा पाहिला. ग्रंथालयातल्या बाईंनी टेबलावर उलगडला, तेव्हा तुझी रेघ माझ्या बोटाला लागली. ती घडी आहे, दादा! जुन्या कागदाची मळलेली घडी, छपाईत काळी उमटली. ती शाळेतून जाते, तळ्यातूनही जाते. तळ्यात कोण भिंत बांधतं? आपल्या प्रतीतही ते दिसतंय, पण आपण दोघांनी आपल्या घराबाहेर नजरच टाकली नाही. जन्मभर कागदांना घड्या घातल्यास, आणि हीच ओळखली नाहीस! मूळ नकाशात अंगण एकच आहे, दोन्ही घरांची दारं त्यात उघडतात.

धावत घरी आले, कडी काढली. अंगणात गवंडी. नकाशात नसलेली रेघ आता खरीच उभी, कमरेइतकी भिंत. मी काकांना सगळं सांगितलं, रडले. ते चिडले नाहीत. दार आधी तू लावलंस, मी फक्त भिंत घालतोय, एवढंच म्हणाले आणि आत गेले.

माझ्या दारापाशी लाकडी पायरी ठेवलीय, नवीकोरी, बाजूला धरायला दांडा. माझा गुडघा दुखतो म्हणून. मापं तिची होती.

दर पत्रात तू आशीर्वाद पाठवतोस. या वेळी नकोत. मिळेल त्या गाडीनं ये, आणि आधी काकांचे माग.

तुझी छबू