जोडीदाराचा रकाना

सोमवार, ४ नोव्हेंबर

लागली बाई एकदाची नोकरी! अकरा वर्षं मेडिक्लेमच्या ऑफिसात लोकांच्या हॉस्पिटलचे कागद तपासले, ते ऑफिस बंद पडलं, आणि आज वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी लोअर परळच्या काचेच्या बिल्डिंगीत सहाव्या मजल्यावर बसून लोकांना अंदमानच्या समुद्रात उतरवते. मला स्वतःला पोहता येत नाही तो भाग वेगळा. घर लालबागला, म्हणजे चालत वीस-पंचवीस मिनिटं. एसी आहे, चहाचं मशीन आहे, खुर्चीला मान टेकायला जागा आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

काम तसं सोपं. आमचं गिऱ्हाईक बेटावर तीन-चार दिवस राहतं, त्यातला एक दिवस त्याला स्कूबा करायचं असतं. कोणती ट्रिप घ्यायची ते मी सांगायचं. पोहता येत नसेल तर किनाऱ्याजवळचा उथळ पॉइंट. आधी दोन-चारदा उतरलेला असेल तर लांबचा खडक, तिथे मासे जास्त. बोट लागत असेल तर सकाळची फेरी, तेव्हा समुद्र शांत असतो. आणि डाइव्हनंतर अठरा तास विमानात बसायचं नाही, हे प्रत्येकाला दोनदा सांगायचं, कारण एकदा सांगितलेलं कोणी ऐकतच नाही. आज माटुंग्याच्या एका काकूंनी विचारलं, केस न भिजता होईल का. मी म्हटलं, मग काकू तुम्ही आपल्या काचेच्या तळाच्या होडीत बसा. त्या एकदम खूश.

जगदीश सर आमचे साहेब, माणूस बरा वाटला. बाजूच्या टेबलावर राजेश, तोंडात सतत बडीशेप. घरी गेल्यावर स्वप्नीलने मिठीच मारली. माझा धाकटा भाऊ, सव्वीसचा घोडा. आई गेली तेव्हा बारावीत होता, तेव्हापासून आम्ही दोघंच. ताई, आता जरा हसत जा, म्हणे. हसेन रे, आधी पाठ दुखायची थांबू दे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज त्या सॉफ्टवेअरने जीव खाल्ला. पाण्याखाली एकट्याने उतरायचं नाही, जोडीनेच उतरायचं, असा या धंद्याचा नियम. त्यामुळे परदेशातून घेतलेलं हे सॉफ्टवेअर एकट्या माणसाचं बुकिंग घेतच नाही. जोडीदाराचा रकाना लाल होऊन बसतो. नाव हवं, वय हवं, ओळखपत्र हवं. मी अर्धा तास झटापट केली. शेवटी राजेश खुर्चीसकट सरकत आला, रकान्यात ‘शांती’ एवढंच टाकलं आणि बाकीचं आपोआप भरलं. वय एकतीस, पत्ता परळ, आधार कार्डाचा फोटो. रकाना हिरवा.

मी विचारलं, ही कोण? तर म्हणे तुझ्याच खुर्चीवर होती, दोन वर्षांपूर्वी आजारी पडून सोडून गेली. कागद फाइलला राहिले, ते कामाला येतात. एकटा आला की लाव शांती. बेटावरचे लोक तिच्यापुढे ‘आली नाही’ लिहितात आणि एकट्याला इन्स्ट्रक्टर सांभाळतो. कोणाचं काही बिघडत नाही.

मला ते फारसं रुचलं नाही, खोटं कशाला बोलू. पण दुसरा आठवडाही लागायच्या आत साहेबांशी वाद कोण घालणार? बाई घरी बसली आहे, तिचं नाव कुठे आलं तर तिला काय टोचतंय? आज दोन एकटे आले होते. दोघांनाही शांती लावून दिली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज जगदीश सरांनी स्टाफच्या नावावर दोघांची फुकट ट्रिप दिली. स्वप्नील आणि त्याचा दोस्त गौतम जाणार, १७ला निघून १९ला सकाळची डाइव्ह. पोरगा नाचायचाच बाकी होता. मी मात्र आधी बजावलं, पोहता येत नाही तुला, उथळ पॉइंटच घ्यायचा.

डाइव्ह झालेल्यांना फोन करून कसं झालं ते विचारणं हेही माझ्याच गळ्यात आहे. आज गिरगावच्या सम्यकला केला, बुधवारच्या दोन एकट्यांतला एक, डाइव्ह कालच झाली, अजून बेटावरच आहे. फार गोड मुलगा. म्हणाला, मॅडम, तुमच्या शांती मॅडमना थँक्यू सांगा. खाली मला घाबरायला झालं होतं, पण त्यांनी शेवटपर्यंत हात सोडला नाही. मी म्हटलं, अरे, तो इन्स्ट्रक्टर असेल. तर म्हणे इन्स्ट्रक्टर पुरुष होता आणि तो डाव्या बाजूला होता.

राजेशला सांगितलं. खो खो हसला. पाण्यात नशा चढते म्हणे. बेटावरून आलेली यादी उघडली, शांतीपुढे ‘आली नाही’ असंच लिहिलं आहे. मग याला नाव कुठून कळलं? पावतीवर असतं जोडीदाराचं नाव, हे नंतर लक्षात आलं. बरं वाटलं थोडं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दमले आज. अँटॉप हिलहून अंबिका नावाची बाई तरातरा ऑफिसात आली, शाळेत शिक्षिका, तीही एकटीच गेलेली, शांती लावून. सगळ्यांसमोर म्हणाली, त्या बाईला आधी कामावरून काढा. सगळे वर निघाले तरी हिने माझा हात सोडला नाही. इन्स्ट्रक्टरने मला खेचून वर काढलं, त्याला मात्र बाई दिसली नाही म्हणे. दिसली नाही काय, आंधळा आहे का?

तिने बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते.

ती गेल्यावर मी महिनाभरातले सगळे एकटे काढून बसले. कोण किती वाजता वर आला त्याची नोंद असते. पहिला एक मिनिट उशिरा. मग दोन. चार. सात. अंबिका अकरा. तारखेप्रमाणे वाढतच गेलंय. सरांना दाखवलं तर म्हणाले, अगं दर्शना, पाण्यात वेळेचं भान राहत नाही, आणि सीझन डोक्यावर आहे. माझा चेहरा बघून म्हणाले, घरी जा, झोप काढ.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दाताचं खोटं कारण सांगून सकाळी दहाला परळला गेले, आधार कार्डावरच्या पत्त्यावर. तिसरा मजला, अगदी टोकाची खोली. शांतीच्या आईने दार उघडलं, सुंदराबाई. मी जुन्या ऑफिसातून आले म्हटल्यावर त्यांना केवढा आनंद! गो बाय, दोन वर्षांत कोणी फिरकला नाय, म्हणाल्या. तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शांती कॉटवर झोपली होती. एकतीसची पोर पन्नाशीची दिसत होती. केस ओलेगच्च, टपटप गळत होते, खाली परात ठेवलेली. उशीवर मिठाचे पांढरे डाग. सुंदराबाई सांगत होत्या, सगळे डॉक्टर झाले, हृदय बघितलं, फुप्फुसं बघितली, सगळं नॉर्मल. सकाळी साडेनऊ वाजले की अशी निपचित पडते, कितीही हलवा. कधीकधी दुपारी पुन्हा. मध्येच एखादा दिवस चांगला जातो, तेव्हा उठून तांदूळ निवडते, हसते. देवाक काळजी, म्हणाल्या.

चांगला दिवस म्हणजे कोणता, ते मला कळलं. ज्या दिवशी एकटं कोणी येत नाही तो.

साडेअकराला तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघून विचारलं, आता कोणाचा हात? मी कोण ते मी सांगितलंच नव्हतं. मग अगदी शांतपणे बोलत राहिली. खाली थंडी असते. काळोख असतो. हात धरला की जरा ऊब लागते. ते वर जातात, मी खालीच. थकले मी. पुढच्याला सोडणारच नाही.

सुंदराबाईंनी माझा नंबर घेतला. ऑफिसात फोन करून राजेशला बजावलं, यापुढे शांती लावायची नाही म्हणजे नाही. तो बरं म्हणाला, पण बडीशेप चघळत म्हणाला. सरळ घरी आले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

गौतमची रजा ऐन वेळी रद्द झाली. स्वप्नील काल एकटाच गेला.

एकटा.

मी सकाळी यादी उघडली. स्वप्नील, सकाळची फेरी, उथळ पॉइंट. जोडीदार, शांती. स्वप्नीलने परस्पर ऑफिसात कळवलं आणि राजेशनेच शनिवारी दुपारी करून ठेवलं होतं. भावाची ट्रिप वाया जाऊ नये म्हणून, तुझ्यासाठीच केलं ना, म्हणतो. ओरडले त्याच्यावर. सगळं ऑफिस बघत राहिलं.

आता बुकिंग लॉक. एक दिवस आधी रद्द होतच नाही, सरांनाही जमत नाही.

स्वप्नीलला फोन केला. उतरू नकोस म्हटलं, हात जोडले, शांतीचं सगळं सांगितलं. हसला. ताई, क्रिकेटला नको, ट्रेकला नको, पोहायला तर नकोच. जन्मभर नको-नको ऐकत आलो तुझं. एकदा तरी जाऊ दे गं. मी जाणारच.

खरं आहे त्याचं. इतक्यांदा उगाच नको म्हटलं की आज खरं नको म्हटलं तर ते कानात शिरेना. मीच केलंय हे.

संध्याकाळी पुन्हा केला. उचलत नाही.

एकच रकाना उघडतो अजून. जोडीदाराचा. बोट सुटेपर्यंत नाव बदलता येतं. शांतीला काढलं तर लाल. ओळखपत्र हवं. फाइलला कागद आहेत ते स्टाफचेच. शांती, राजेश, मी. राजेशला दोन लहान मुली आहेत.

दर्शना. वय अडतीस. लालबाग.

हिरवा झाला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

९.०५. ऑफिसात. काही होत नाहीये. उगाच घाबरले. चहा घेतला.

९.३१. पोचले असतील पॉइंटवर. कानाला दडे बसलेत. एसीचं असेल —

९.३६. चहा खारट. राजेशचा कप चाखला, तोही खारट. तो म्हणतो गोड आहे.

९.३९. पाय जमिनीला लागत नाहीत. खाली बघते तर लादी आहे, पाय लादीवरच आहेत. तरी लागत नाहीत.

९.४४. सुंदराबाईंचा फोन. शांती उठली. केस कोरडे. चहा मागितला तिने. रडत होत्या. मला बोलता येईना, तोंडात पाणी —

भीती वाटते. आई गं, किती भीती वाटते.

हात सापडला. त्याचाच. करंगळी वाकडी, लहानपणी दारात चिरडली होती. गरम आहे. बाकी सगळा काळोख आणि हा एवढाच हात गरम —

वर निघाले सगळे. तो ओढतोय. मला सोडवत नाही. शांतीलाही असंच — अजून एक मिनिट. फक्त एक — नाही. हवा संपेल त्याची. सोड दर्शना. जन्मभर धरून ठेवलंस. सोड.

सोडला.

पाय दिसतायत त्याचे. उजेडात. गेला वर.

१०.२०. स्वप्नीलचा मेसेज. ताई, एकदम भारी! भीतीच नाही वाटली, कोणीतरी हात धरला होता.

मी अजून खालीच. केसांतून वहीवर पाणी पडतंय, अक्षर पसरतंय —

राजेश विचारतोय, दुपारच्या फेरीला एक एकटा आलाय, तुझंच नाव लावू ना, कागद आहेतच. आवाज फुटत नाही. मान हलवते, त्याला वाटतं हो म्हणते. टाइप करायला लागला. वही समोर धरते त्याच्या. राजेश, नको, माझं नाव नको टाकू, माझं ना