गालातून फिरवलेली काडी

रविवार, १२ जानेवारी
तासभर रांगेत, आणि काम अर्ध्या मिनिटाचं — कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, झालं. श्रीरंजनीच्या भावाला, विश्वेशला, रक्ताचा कॅन्सर आहे. कुणाच्या तरी रक्तपेशी जुळल्या तरच वाचेल. म्हणून त्यांच्या तंजावरी मराठी लोकांनी अण्णा नगरला दात्यांच्या नोंदणीचं शिबिर ठेवलं. तिच्या अप्पांनी ऐकवलंच — "तुम्ही महाराष्ट्राकडचे, तंबी. जुळलं तर आमच्यातच जुळेल." वर, "कॉलेज कसं चाललंय?" सोडलंय हे माहीत असून!

टेबलावरच्या बाईंनी विचारलं, तुझा फोन लागला नाही तर दुसरा कुणाचा नंबर? मी श्रीरंजनीचा दिला. नातं? "घरचीच," म्हणालो. दिवसभर हेच एक बरं वाटलं.

सोमवार, १३ जानेवारी
बाबांना कळलं. फॅक्टरीतून आल्या आल्या सुरू. "पाठीचा कणा पोखरतात त्यात!" सांगितलं — बहुतेक वेळा दंडातूनच रक्त घेतात, पेशी वेगळ्या करतात, उरलेलं परत देतात. तर म्हणे, "कॉलेज सोडलंस तेव्हा कुठे होता तुझा कणा?" न जेवता उठलो.

रविवार, ९ मार्च
दोन महिने झाले, काही कळवत नाहीत. परवा नोंदणीवाल्यांना फोन लावला. विश्वेशशी माझं जुळलं का, एवढंच विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तपासणीला वेळ लागतो. आणि नोंद एका पेशंटसाठी नसते, ज्याच्याशी जुळेल त्याच्यासाठी असते." मी काय साऱ्या जगाला वाटायला गेलो होतो?

आज श्रीरंजनीला फोन केला. सकाळपासून तिसरा. "विश्वेशच्या पोटात पाणी ठरत नाही आणि तुला गप्पा मारायच्यात? फोन करू नकोस मला."

नाही करत. सिम काढलं, दातांनी मोडलं, आवडी स्टेशनवर रुळांत फेकलं. आता तिच्या फोनची वाट बघणंही नको.

शुक्रवार, १८ एप्रिल
नवा नंबर घेतला. तिला दिला नाही. तिने मागितलाही नाही.

मंगळवार, ३ जून
मार्केटात सुब्बा भेटला, तिचा आत्तेभाऊ. विश्वेशशी एक जण जुळलाय. एकच. आणि त्याचा फोन बंद! डॉक्टर म्हणतात, थांबायला वेळ नाही.

डोकं सटकलं. कुठल्या तरी शिबिरात केसरी शिरा खाल्ला असेल, फोटो काढून घेतला असेल, आणि आता पळाला. म्हटलं, नाव सांग, घरातून ओढून आणतो.

"नाव आम्हालाही सांगत नाहीत डा. देणाऱ्याचं पेशंटला नाही, पेशंटचं देणाऱ्याला नाही."

भित्रा साला. श्रीरंजनीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

बुधवार, ४ जून
सकाळी श्रीरंजनी आमच्या क्वार्टरच्या दारात. चपला काढल्या नाहीत.

"नोंदणीवाल्यांचा फोन आला होता. मला. तुझा नंबर लागत नाही म्हणाले. तातडीचं आहे, कशासाठी ते तुलाच सांगणार. माझा नंबर द्यायला कुणी सांगितलं होतं रे तुला?"

आई काही विचारत होती. मला ऐकू येत नव्हतं.

तिने नोंदणीवाल्यांचा नंबर लावला, तिचाच फोन माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. विश्वेशचं नाव दोघांनीही घेतलं नाही.